कुत्रा घरात आला तेव्हा

कुत्र्याचे पिल्लू जन्मतः अस्वच्छ नसते. पहिले दोन-अडीच आठवडे तर त्याला स्वतःहून लघवीही होत नाही. आई पोटाखाली चाटते तेव्हाच ती सुटते, आणि आईच ती चाटून टाकते, म्हणून कुत्री जिथे व्यालेली असते ती जागा कोरडी राहते. तीन आठवड्यांच्या सुमारास, डोळे उघडून पाय जेमतेम धरू लागले की पिल्लू लटपटत झोपायच्या जागेपासून चार पावले दूर जाते आणि तिथे बसते. हे त्याला कोणी शिकवत नाही. गुहेत किंवा बिळात वाढणाऱ्या लांडग्याच्या पिल्लांतही हीच सवय दिसते. ओली, घाणेरडी जागा म्हणजे कृमी, रोग आणि शत्रूला लागणारा वास. कुत्र्याला घरात घाण न करण्याचा जो धडा माणूस देतो, तो सगळा या जुन्या उपजत सवयीवर उभा आहे.

अडचण एवढीच, की पिल्लाच्या लेखी ‘घर’ म्हणजे ते जिथे झोपते ती हातभर जागा. सोफ्यामागचा कोपरा, पाहुण्यांची खोली, जेवणाच्या टेबलाखालचा गालिचा या सगळ्या जागा त्याच्या हिशेबी घराबाहेरच असतात. माणसाने चार भिंतींच्या आतल्या सगळ्या जमिनीला घर म्हटले आणि कुत्र्यालाही तसे मानायला लावले, तेव्हा हा प्रश्न जन्माला आला. म्हणून या शिकवणुकीचा इतिहास शोधताना कुत्र्यापेक्षा घराकडे अधिक पाहावे लागते. कुत्रा कोणत्या घरात शिरला, त्या घराची जमीन कशाची होती आणि ती पुसण्याचे काम कोणाकडे होते, या गोष्टींनी धड्याचे स्वरूप ठरवले.

माणसाच्या सोबतीची बहुतेक हजारो वर्षे कुत्रा उंबऱ्याबाहेरच राहिला. राखण, शिकार आणि मेंढरे वळणे ही त्याची कामे उघड्यावरची होती. घरात, थेट बिछान्यावर पोचले ते मांडीवर मावणारे छोटे कुत्रे. प्राचीन रोममध्ये अशा कुत्र्यांची श्रीमंत घरांत चांगलीच चलती होती. पहिल्या शतकातील कवी मार्शल याने आपल्या पहिल्या संग्रहात पब्लियस नावाच्या गृहस्थाच्या ‘इस्सा’ या लाडक्या कुत्रीचे कौतुक केले आहे. हा संग्रह इसवी सन 86च्या आसपासचा. तिच्या गुणांत कवीने एक गुण आवर्जून नोंदवला आहे. रात्री लघवी लागली तर ती पांघरूण ओले करत नाही. पंजाने हळूच मालकाला उठवते, खाली उतरवून घेते आणि काम झाल्यावर पुन्हा वर घ्यायला सांगते. घरात स्वच्छ राहायला शिकलेल्या कुत्र्याचे याहून जुने आणि इतके नेमके वर्णन क्वचितच सापडेल. त्यात शिक्षेचा उल्लेख नाही. कुत्रीने खूण करायची आणि माणसाने ती ओळखायची, असा दोघांमधला करार तेवढा आहे. आजही हा धडा पुरा झाला असे म्हणायचे ते कुत्रा सांगू लागतो तेव्हाच.

मध्ययुगीन युरोपातील सरदारांकडे शिकारी कुत्र्यांचे मोठे ताफे असत आणि त्यांच्यासाठी वेगळी घरे बांधलेली असत. त्या घरांच्या व्यवस्थेवर बारकाईने लिहिलेले ग्रंथ आज उपलब्ध आहेत. फ्रान्समधील फ्वा परगण्याचा काउंट गास्तों फेब्यूस याने 1387 साली आपला शिकारग्रंथ लिहायला घेतला. पुढे 1406 ते 1413च्या दरम्यान यॉर्कचा ड्यूक एडवर्ड याने त्याचा बराचसा भाग इंग्रजीत आणला आणि त्यात स्वतःची भर घातली. हा एडवर्ड 1415 साली आजिंकूरच्या लढाईत मारला गेला. ‘द मास्टर ऑफ गेम’ या त्याच्या ग्रंथात कुत्र्यांच्या घराला मूत्र वाहून जाण्यासाठी नाली हवी, जमिनीवरचा पेंढा रोज बदलावा, कुत्र्यांना सकाळ-संध्याकाळ बाहेर नेऊन मोकळे सोडावे आणि एका पोऱ्याने रात्रंदिवस त्यांच्यापाशी राहावे, असे सांगितले आहे. आणखी एक सूचना मोठी मार्मिक आहे. घरात जागोजाग सहा लहान दगड रोवावेत आणि त्यांना कुत्र्यांच्याच अंथरुणातला पेंढा गुंडाळावा, म्हणजे कुत्रे त्यांवर लघवी करतील. पेंढ्याला त्यांचाच वास असल्याने कुत्रा आपोआप तिथे वळतो. वासाने जागा ठरते, वेळेने सवय लागते आणि देखरेखीला माणूस लागतो, ही तिन्ही सूत्रे सहाशे वर्षांपूर्वीच्या त्या कुत्रेवाल्यांना ठाऊक होती. पुढच्या काळात ती बऱ्याच अंशी विसरली गेली, हे या इतिहासातील दुर्दैव.

विसर पडण्याचे कारण असे, की हे ज्ञान नोकरांचे होते. पेंढा बदलणारा पोऱ्या लिहीत नव्हता. आणि ज्यांच्या दिवाणखान्यात छोटे कुत्रे वावरत त्यांना घाण स्वतः उचलावी लागत नव्हती. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला स्पॅनियल जातीच्या छोट्या कुत्र्यांचे वेड होते. 1685 साली तो वारल्यावर जॉन एव्हलिन या दरबारी गृहस्थाने रोजनिशीत लिहून ठेवले, की राजाच्या शयनगृहातच कुत्र्या वीत आणि पिल्लांना पाजत, त्यामुळे सगळ्या दरबारात दुर्गंधी पसरे. राजाच्या कुत्र्याला कोण शिस्त लावणार? 25 मे 1660 रोजी, परागंदा राजा मायदेशी परतत असताना, त्याच्या एका आवडत्या कुत्र्याने किनाऱ्याकडे निघालेल्या होडीतच घाण केली. त्या होडीत सॅम्युएल पीप्स हा आरमाराचा तरुण कारकून होता. सगळे हसले, आणि राजा व त्याचे सारे काही शेवटी इतरांसारखेच, असा विचार मनात आल्याचे त्याने रोजनिशीत नोंदवले.

त्याच पीप्सला स्वतःच्या घरी मात्र हसू येत नव्हते. त्याच्या बायकोला तिच्या भावाने एक कुत्रा दिला होता आणि तो घरात घाण करी. 1660च्या फेब्रुवारीत, पुन्हा असे झाले तर कुत्र्याला खिडकीतून फेकून देईन, असे पीप्सने सुनावले आणि त्यावरून नवरा-बायकोत कडाक्याचे भांडण झाले. जुलैत ते सीदिंग लेनमधील सरकारी घरात राहायला गेले. 6 नोव्हेंबरला पुन्हा तोच प्रसंग आला. कुत्र्याला तळघरात ठेवायचेच, असा पीप्सने हट्ट धरला. बायकोने विरोध केला. शेवटी त्याचेच चालले आणि दोघे रात्रभर अबोल्यात झोपले. नऊ महिन्यांत कुत्र्यात काडीचाही फरक पडला नव्हता, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. धमकी दिली, कोंडून ठेवले. पण त्याला ठरल्या वेळी कोणी बाहेर नेत असल्याचा उल्लेख या भांडणांत कुठेच येत नाही. लहान कुत्र्यापायी घरात होणारी धुसफूस आजही अशीच असते. एकाचा लाड, दुसऱ्याचा वैताग, आणि मध्ये काहीच न उमगलेले जनावर.

पीप्सच्या काळी लंडनच्या साध्या घरांतील जमीन दगडाची वा लाकडाची असे. गालिचा महाग, तो बहुधा टेबलावर अंथरला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून यंत्रमागावर विणलेले गालिचे मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आले आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरले. लोकरीच्या गालिच्यात मुरलेली लघवी धुऊन निघत नाही. माणसाला वास येईनासा झाला तरी कुत्र्याला तो येतच राहतो, आणि कुत्रा पुन्हा त्याच जागी जातो. याच सुमारास छोट्या कुत्र्यांची हौस दरबारातून सामान्य घरांत उतरली. 1859 साली न्यूकॅसलला कुत्र्यांचे पहिले औपचारिक प्रदर्शन भरले, 1873 साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला. राणी व्हिक्टोरियाने 1888 साली फ्लॉरेन्सहून मार्को नावाचा पॉमेरेनियन आणला आणि त्यानंतर त्या जातीची लहान चणीची वाणे झपाट्याने लोकप्रिय झाली. कुत्र्याचा आकार घटला तसे त्याचे मूत्राशयही घटले. लहान कुत्र्याला दिवसातून अधिक वेळा जावे लागते आणि त्याचे चमचाभर थारोळे चटकन नजरेस पडत नाही. छोट्या जाती शिकायला मठ्ठ असतात हा समज बराचसा यातूनच आला. न दिसलेली प्रत्येक चूक म्हणजे सवयीला मिळालेले एक खतपाणी.

या काळातील शब्दही बोलके आहेत. घरात घाण न करणाऱ्या कुत्र्याला इंग्रजीत ‘हाउसब्रोकन’ म्हणतात, म्हणजे घरासाठी मोडलेला. हा शब्द घोड्यांच्या पागेतून आला. शिंगरू मोडून त्यावर स्वार व्हायचे, तसेच कुत्रा मोडून घरात घ्यायचा. जर्मन भाषेतील ‘श्टुबेनराइन’ म्हणजे खोलीपुरता स्वच्छ. फ्रेंच माणूस नुसते ‘प्रॉप्र’, स्वच्छ, एवढेच म्हणतो. इंग्रजी शब्दातील जबरदस्ती पद्धतीतही होती. पिल्लाचे नाक त्याच्याच घाणीत घासायचे, वर्तमानपत्राची गुंडाळी करून मारायचे आणि बाहेर ढकलायचे, हा उपाय पिढ्यानपिढ्या एकमेकांना सांगितला गेला. तो युरोप-अमेरिकेपुरता राहिला नाही, भारतातही आला आणि अजून पुरता गेलेला नाही.

मोडण्याच्या या कल्पनेला आव्हान मिळाले ते शिकारी कुत्र्यांच्या शिक्षकांकडून. इंग्लंडमध्ये डब्ल्यू. एन. हचिन्सन या लष्करी अधिकाऱ्याने 1848 साली लिहिलेल्या पुस्तकाच्या नावात ‘ब्रेकिंग’ हाच शब्द होता, पण आतील सल्ला धीराचा आणि सौम्य होता. अमेरिकेत एस. टी. हॅमंड याने 1880च्या दशकात एक पाऊल पुढे टाकले. त्याच्या पुस्तकाचे नावच ‘ट्रेनिंग व्हर्सेस ब्रेकिंग’, आणि त्यात चाबकाऐवजी मांसाचा तुकडा होता. जर्मनीत पोलिसांचे कुत्रे तयार करणाऱ्या कोनराड मोस्ट याने 1910 साली कुत्र्याच्या शिक्षणावर ग्रंथ लिहिला. मोस्ट मवाळ नव्हता, त्याच्या पद्धतीत बळाचा वापर भरपूर होता. तरी त्याने एक गोष्ट ठासून सांगितली: कुत्र्याला माणसासारखी नीती-अनीती कळत नाही. कृती आणि तिचे फळ लागोपाठ आले तरच तो दोन्हींचा संबंध जोडतो. म्हणजे संध्याकाळी घरी आल्यावर सकाळच्या घाणीबद्दल मारणे व्यर्थ. 1951 साली बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात प्राण्यांना कसे शिकवावे यावर लेख लिहिला आणि योग्य क्षणी दिलेल्या बक्षिसाचे तंत्र सामान्य वाचकापर्यंत पोचवले.

कुत्रा खजील होतो, म्हणजे त्याला आपली चूक कळते, हा युक्तिवाद तरीही टिकून राहिला. 2009 साली संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी या ‘अपराधी चेहऱ्या’ची परीक्षा घेतली. 14 कुत्र्यांवरच्या प्रयोगात असे दिसले, की कान पाडणे, नजर चुकवणे, अंग चोरणे हे सगळे मालक रागावला की घडते. कुत्र्याने चूक केली होती की नाही, याच्याशी त्याचा संबंध नसतो. घासलेल्या नाकातून पिल्लू इतकेच शिकते, की माणसाच्या देखत लघवी करणे धोक्याचे आहे. मग ते पलंगाखाली जाते, आणि बाहेर नेल्यावर मालकासमोर बसतच नाही. शिक्षेने प्रश्न सुटण्याऐवजी चिघळतो तो असा.

या शिकवणुकीचा शास्त्रीय पाया अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत घातला गेला. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी 1940च्या दशकाच्या मध्यापासून बसेंजी, बीगल, कॉकर स्पॅनियल, शेटलँड शीपडॉग आणि फॉक्स टेरियर अशा पाच जातींची पिल्ले वाढवून त्यांच्या नोंदी ठेवल्या. त्यांचा ग्रंथ 1965 साली निघाला. पिल्लांच्या आयुष्यातील तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ विशेष संवेदनक्षम असतो, हा त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध आहे. घरमालकाच्या दृष्टीने त्याला जोडून आलेली एक नोंद तितकीच मोलाची: आठ-नऊ आठवड्यांच्या सुमारास पिल्लाची शी करण्याची जागा ठरू लागते. पायाखाली त्या वेळी गवत असेल तर गवत, माती असेल तर माती, कागद असेल तर कागद; पुढे ते तसाच स्पर्श शोधते. जाळीच्या पिंजऱ्यात, स्वतःच्या घाणीतच राहायला लावून विक्रीसाठी वाढवलेल्या पिल्लांची उपजत स्वच्छता का मारली जाते, याचे उत्तरही यात आहे. अशा पिल्लाला शिकवणे फार जिकिरीचे होते, आणि त्यात दोष पिल्लाचा नसतो.

ही उपजत सवय किती चिवट आहे, याचा दाखला अनपेक्षित ठिकाणी मिळाला. 3 नोव्हेंबर 1957 रोजी सोव्हिएत संघाने लायका ही कुत्री अवकाशात पाठवली. अशा उड्डाणांसाठी मॉस्कोच्या रस्त्यांवरच्या भटक्या कुत्र्या निवडल्या जात. पाय वर न करता लघवी करतात म्हणून माद्या. अरुंद कोठडीची सवय व्हावी म्हणून त्यांना अधिकाधिक लहान पिंजऱ्यांत, कधी वीस-वीस दिवस ठेवले जाई. पण झोपायच्या जागी घाण करायची वेळ आली की त्या शी-शू रोखूनच धरत. जुलाबाच्या औषधांनी उपयोग झाला नाही. दीर्घ सरावानंतरच त्या अंगाला बांधलेल्या पिशवीत मोकळ्या होऊ लागल्या. कोणत्याही घरात न वाढलेल्या, उकिरड्यांवर जगलेल्या या कुत्र्यांना स्वच्छता विसरायला शिकवावे लागले, ही गोष्ट मन अस्वस्थ करणारी आहे; लायका परत येणार नव्हती हे ठाऊक असताना अधिकच.

शहरातील सदनिका वाढल्या तसा धडा पुन्हा बदलला. दहाव्या मजल्यावरून पिल्लाला दर दोन तासांनी खाली नेणे अवघड, म्हणून वर्तमानपत्र पसरून त्यावर शिकवण्याची पद्धत विसाव्या शतकात रुळली. 1978 हे वर्ष या दृष्टीने निर्णायक ठरले. त्या वर्षी पार्व्होव्हायरसची साथ जगभर पसरली आणि असंख्य पिल्ले रक्ताच्या जुलाबांनी दगावली. लसी आल्या, पण लसीकरण पुरे होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांचे होईपर्यंत, पिल्लाला रस्त्यावर नेऊ नये असा सल्ला रूढ झाला. नेमक्या ज्या आठवड्यांत जागेची सवय बनते, त्याच आठवड्यांत पिल्लू घरात अडकले. रोगापासून वाचवायचे की सवय लावायची, हा पेच तेव्हापासून पशुवैद्य आणि पालक दोघांपुढे आहे. त्याच वर्षी 1 ऑगस्टपासून न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावरची कुत्र्याची विष्ठा मालकानेच उचलण्याचा कायदा लागू झाला. घराबाहेरची जमीनही कोणाची तरी आहे, हे तेव्हा कायद्याने मान्य केले.

अमेरिकेत याच काळात पिंजऱ्यात शिकवण्याची पद्धत लोकप्रिय झाली. पिल्लाला जेमतेम वळता येईल एवढ्या पेटीत ठेवायचे, म्हणजे ते तिथे घाण करत नाही. ठरल्या वेळी काढून थेट बाहेर न्यायचे. तत्त्व गुहेचेच आहे आणि थोड्या वेळासाठी ते चालतेही. पण पिल्लू लघवी रोखू शकते तो वेळ फार थोडा असतो. वयाचे जितके महिने, फार तर तितके तास आणि वर एक, असा ढोबळ हिशेब सांगतात. नोकरीला जाताना आठ तास कोंडलेले पिल्लू नाइलाजाने पेटीत घाण करते आणि उरलीसुरली उपजत सवयही गमावते. स्वीडनमध्ये कुत्र्याला घरात पिंजऱ्यात ठेवण्यावर बंदी आहे आणि मोठ्या कुत्र्यालाही दिवसा किमान दर सहा तासांनी बाहेर न्यावे, अशी अधिकृत सूचना आहे. जपानमधील लहान घरांत मात्र बाळांच्या डायपरसारख्या, ओल शोषणाऱ्या चौकोनी गाद्यांवर शिकवण्याचा प्रघात आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न उशिरा आला. कुत्रा इथे परका नाही. खंडोबाच्या आणि दत्ताच्या पायाशी तो आहे, धनगराच्या वाड्यावर आहे. सातारच्या शाहू महाराजांच्या खंड्या या लाडक्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला दाखवतात. पण घराच्या रचनेत त्याची जागा ठरलेली होती: अंगण, ओसरी, परसू. शिळ्या भाकरीचा तुकडा त्याला उंबऱ्याशी मिळे. माजघरात आणि स्वयंपाकघरात त्याला मज्जाव होता. आतल्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर त्याचे येणे-जाणेच नव्हते. त्यामुळे या धड्यासाठी मराठीत जुना असा शब्द घडला नाही, आणि आजही ‘टॉयलेट ट्रेनिंग’ असेच म्हटले जाते. छावण्यांतील साहेबांच्या बंगल्यांत टेरियर आणि स्पॅनियल आले, पण त्यांना बाहेर नेणे व त्यांची घाण काढणे हे काम बहुधा मेहतराकडे असे. ज्ञान पुन्हा एकदा नोकरापाशी राहिले, आणि त्याचे नाव कुठल्या पुस्तकावर आले नाही.

वाडे आणि चाळी पाडून सोसायट्या उभ्या राहिल्या, तेव्हा मराठी मध्यमवर्गाच्या घरात कुत्रा खऱ्या अर्थाने शिरला. पांढराशुभ्र, केसाळ ‘पॉमेरेनियन’ पुण्या-मुंबईच्या सदनिकांत घरोघर दिसू लागला. त्यांतले बरेचसे खरे तर इंडियन स्पिट्झ होते. 2003 साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग जातीचा कुत्रा झळकला आणि त्यानंतर पगची मागणी वाढली. इथल्या घरात गालिचा नव्हता, फरशी होती. ती पुसली की झाले, असे वाटे. पण साध्या पुसण्याने वास जात नाही, आणि अमोनियाच्या क्लीनरने तर लघवीसारखाच वास उरतो. मुसळधार पावसात पिल्लू दारातूनच मागे फिरते, हीदेखील कोकण-मुंबईची स्वतःची अडचण. यावर घराघरांनी आपापला उपाय काढला. गॅलरीचा कोपरा, त्यात रद्दी, किंवा सरळ न्हाणीघरातील मोरी. लहान कुत्र्याला मोरीची सवय लावणे तसे सोपे आहे. जागा एक, उतार आहे, पाणी ओतले की स्वच्छ. फक्त पहिले काही आठवडे झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर दर वेळी कोणीतरी उचलून तिथे न्यावे लागते आणि काम झाल्याझाल्या शाबासकी द्यावी लागते.

घराबाहेरचे नियम त्यामागून आले. बृहन्मुंबईच्या 2006 सालच्या स्वच्छता उपविधींनी पाळीव प्राण्याची रस्त्यावरची घाण उचलण्याची जबाबदारी मालकावर टाकली. 2015 साली भारतीय पशुकल्याण मंडळाने काढलेल्या सूचनांनुसार कुत्रे पाळण्यावर किंवा त्यांना लिफ्टमधून नेण्यावर सोसायट्यांना सरसकट बंदी घालता येत नाही. त्याच सूचनांत मालकांनी आपल्या कुत्र्यामागे स्वच्छता राखावी, अशी विनंती आहे.